उताऱ्यावर उरलेले नाव

गेल्या पावसाळ्यात गळतग्याकडच्या एका दूध संस्थेचे सचिव लॅपटॉप पिशवीत घालून माझ्या निपाणीतल्या डीटीपीच्या दुकानात आले. संस्थेने दूध संकलनाचे जुने सॉफ्टवेअर सोडून नवे घेतले होते, पण नव्याला वजनकाट्यावरचा आकडा काही केल्या दिसत नव्हता. काटा दुरुस्त करणाऱ्याने काट्यात दोष नसल्याचे सांगितले होते, वायर बदलून झाली होती, नव्या सॉफ्टवेअरच्या माणसाने फोनवरून दोन तास खटपट केली होती, आणि रोज सकाळ-संध्याकाळ वजने वहीत लिहून घ्यायची वेळ आली होती. छपाईच्या कामाबरोबर ओळखीच्यांचे संगणक बघून देणे हा माझा जोडधंदा असल्यामुळे शेवटी ते माझ्याकडे आले. जुने सॉफ्टवेअर अजून लॅपटॉपवर आहे का, असे मी विचारले, तेव्हा ते ठामपणे म्हणाले, "नाही ओ ताई, त्याला मागच्याच आठवड्यात काढून टाकलो की."

काढून टाकले म्हणजे त्यांनी डेस्कटॉपवरचा आयकॉन डिलीट केला होता आणि मग आणखी एक पाऊल पुढे जाऊन प्रोग्राम फाइल्समधला त्या नावाचा फोल्डरही उडवायचा प्रयत्न केला होता. त्यातल्या बहुतेक फाइली गेल्या, दोन-तीन "वापरात आहे" असे म्हणत अडून बसल्या, आणि त्यांनी तिथेच नाद सोडला. विंडोजच्या सेटिंगमधल्या यादीत मात्र त्या सॉफ्टवेअरचे नाव जसेच्या तसे होते, आणि अनइन्स्टॉल दाबले की फाइल सापडत नसल्याचा निरोप येत होता. जमीन विकून, पैसे घेऊन, ताबा देऊन झाल्यावरही उताऱ्यावरचे नाव फेरफार होईपर्यंत उतरत नाही, हे आपल्याकडे कुणालाही सांगावे लागत नाही. संगणकातही ताबा आणि उतारा या दोन गोष्टी वेगळ्या असतात, एवढेच मी त्यांना सांगितले आणि लॅपटॉप ठेवून घेतला.

ही यादी येते कुठून, ते एकदा नीट समजले की पुढचे सगळे सोपे होते. विंडोज ९५ पासून प्रत्येक सॉफ्टवेअरने बसताना रजिस्ट्रीत स्वतःची नोंद करावी असा प्रघात आहे. रजिस्ट्री म्हणजे विंडोजचे आणि त्यावरच्या प्रोग्रामांचे दप्तर. त्यात "अनइन्स्टॉल" नावाच्या एका ठरलेल्या जागी प्रत्येक सॉफ्टवेअरचा एक कप्पा असतो, आणि त्या कप्प्यात दाखवायचे नाव, कंपनीचे नाव, आवृत्ती आणि काढायचे असल्यास कोणती आज्ञा चालवायची, हे लिहिलेले असते. आपण यादीतले बटण दाबतो तेव्हा विंडोज सहसा स्वतः काही पुसत नाही. त्या कप्प्यात लिहिलेली आज्ञा चालवते आणि बाजूला होते. पुसण्याचे काम बहुतेकदा सॉफ्टवेअर बनवणाऱ्यानेच लिहून ठेवलेल्या एका छोट्या प्रोग्रामचे असते. सचिवांनी हाताने फोल्डर उडवला तेव्हा हा छोटा प्रोग्रामही त्यात गेला. म्हणजे नाव उतरवणारा तलाठीच त्यांनी आधी घालवला होता.

हा छोटा प्रोग्राम किती प्रामाणिकपणे काम करतो, ते त्याच्या घडणीवर अवलंबून असते. ऑफिस २०००च्या सुमारास आलेल्या विंडोज इन्स्टॉलरच्या पद्धतीत कोणती फाइल कुठे ठेवली याची नोंद त्या पॅकेजमध्येच असते, आणि त्या पॅकेजची एक प्रत विंडोजच्या फोल्डरातल्या "इन्स्टॉलर" नावाच्या लपवलेल्या उपफोल्डरात राहते. (जागा वाचवायची म्हणून तो उपफोल्डर रिकामा करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यानंतर त्या मशीनवरून काही सॉफ्टवेअरे धड काढताही येत नाहीत आणि त्यांना अपडेटही बसत नाही.) इनो सेटअप हे इन्स्टॉलर बनवण्याचे एक साधन आहे; त्याने बनवलेले सॉफ्टवेअर बसवताना एक नोंदवही लिहिते आणि जाताना ती उलट क्रमाने वाचत परत जाते. नल्सॉफ्टच्या तशाच साधनाने बनवलेल्या इन्स्टॉलरमध्ये तर काढण्याच्या पायऱ्या सॉफ्टवेअर बनवणाऱ्यानेच लिहायच्या असतात. तो जे लिहायला विसरला, ते तुमच्या संगणकावर राहिले.

शिवाय सॉफ्टवेअर बसवल्यानंतर, वापरताना जे तयार होते, ते या नोंदवहीत नसतेच. तुमची सेटिंगे, तात्पुरत्या फाइली, अहवाल, डेटाबेस हे सगळे अ‍ॅपडेटा आणि प्रोग्रामडेटा या दोन लपवलेल्या फोल्डरांत साठत जाते. त्यातले बरेचसे मुद्दामच मागे ठेवलेले असते, कारण उद्या तेच सॉफ्टवेअर पुन्हा बसवले तर आपली सेटिंगे परत मिळावीत अशी अपेक्षा असते. त्यामुळे मागे काही उरले म्हणजे घाण उरली, असे समजण्याचे कारण नाही.

मी स्वतः या उरलेल्या गोष्टींचे दोन भाग करते: मेलेल्या आणि जिवंत. रिकामे फोल्डर, कुणी न वाचणाऱ्या रजिस्ट्रीतल्या नोंदी, जुनी सेटिंगे या मेलेल्या गोष्टी होत. त्या थोडी जागा अडवतात, एवढेच. रजिस्ट्री साफ केली की संगणक पळायला लागतो, ही जाहिरातीतली गोष्ट आहे. लाखो नोंदींच्या झाडातून शे-दोनशे वाळकी पाने काढल्याने झाडाचे वजन घटत नाही, आणि मायक्रोसॉफ्टनेही रजिस्ट्री क्लीनरच्या वापराला आपला पाठिंबा नसल्याचे स्पष्ट केलेले आहे. जिवंत गोष्टी वेगळ्या. संगणक सुरू होताच आपोआप चालणारे प्रोग्राम, पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सर्व्हिसेस, टास्क शेड्यूलरमधली वेळापत्रके, ड्रायव्हर (म्हणजे जोडलेल्या उपकरणाशी विंडोजचे बोलणे घडवणारे प्रोग्राम) आणि कळफलकावर पाळत ठेवणारे टंकलेखन प्रोग्राम हे मालक गेला तरी कामावर येत राहतात, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी कामात आडवे येतात.

सचिवांच्या लॅपटॉपवर नेमके हेच झाले होते. वजनकाट्याची वायर ज्या कॉम पोर्टवर, म्हणजे अशी उपकरणे जोडण्याच्या दारावर, जोडलेली असते, तो पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम उघडू शकतो. जुन्या सॉफ्टवेअरने काट्याशी बोलण्यासाठी एक वेगळा छोटा प्रोग्राम ठेवला होता, तो लॅपटॉप सुरू होताच उठत होता आणि पोर्ट धरून बसत होता. "वापरात आहे" म्हणणाऱ्या दोन-तीन फाइली त्याच्याच होत्या. नवे सॉफ्टवेअर नंतर जाऊन दार ठोठावत होते आणि आतून कडी लागलेली होती. काटा बिचारा निर्दोष होता.

अशा ठिकाणी अनइन्स्टॉलर साधन उपयोगी पडते. ही साधने साधारणपणे दोन प्रकारे काम करतात. पहिल्या प्रकारात साधन आधी सॉफ्टवेअरचा स्वतःचा अनइन्स्टॉलर चालवते, आणि तो संपल्यावर त्या सॉफ्टवेअरचे नाव, कंपनीचे नाव व फोल्डरचा पत्ता घेऊन डिस्कवर आणि रजिस्ट्रीत मागे काय राहिले ते शोधते. दुसऱ्या प्रकारात सॉफ्टवेअर बसवण्याआधी आणि बसवल्यानंतर संगणकाचा आढावा घेऊन फरक नोंदवून ठेवला जातो, आणि काढताना त्या नोंदीप्रमाणे मागे फिरले जाते. दुसरा प्रकार अधिक भरवशाचा आहे, पण त्यासाठी सॉफ्टवेअर बसवतानाच शहाणपण सुचावे लागते, आणि ते कुणाला सुचत नाही. पहिल्या प्रकारातला शोध हा शेवटी नावावरून बांधलेला अंदाज असतो, ही गोष्ट मी फार महागात शिकले.

तुळशीचे लग्न झाले की आमच्याकडे पत्रिकांची झुंबड उडते. काही वर्षांपूर्वी ऐन त्या दिवसांत माझ्या दुकानातल्या संगणकावर एक जुने मराठी टंकलेखन सॉफ्टवेअर अडचण करू लागले. त्याची नवी आवृत्ती मी घेतली होती आणि जुनी रीतसर काढली होती, तरी तिचा कळफलक सांभाळणारा प्रोग्राम घड्याळाशेजारी बसून राहत असे, आणि मी कन्नड मजकूर टाइप करायला घेतला की मधेच भलतीच अक्षरे उमटत. आमच्याकडे एकाच पत्रिकेची एक बाजू मराठीत आणि दुसरी कन्नडमध्ये असे काम नेहमीचे, त्यामुळे हे चालवून घेण्यासारखे नव्हते. मी एक मोफत अनइन्स्टॉलर उतरवून घेतला, त्याला सक्तीने काढण्याच्या पद्धतीत ते नाव दिले आणि सखोल शोधाचा पर्याय निवडला. त्याने शंभराच्या वर नोंदी माझ्यापुढे मांडल्या. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, घरून फोन येत होते. मी "सिलेक्ट ऑल" दाबले, "डिलीट" दाबले आणि शटर ओढून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी कळफलकाचा त्रास गेला होता. पण कन्नड पानाची जुळणी ज्या सॉफ्टवेअरमध्ये करते ते उघडेना. परवान्याची चावी सापडत नाही असे ते म्हणत होते, आणि चावी म्हणजे डोंगल तर डोळ्यांसमोर यूएसबीत खोचलेला होता. मी तो काढून दुसऱ्या खाचेत घातला, पुसून घातला, संगणक दोनदा सुरू केला. त्यातला एरवी लागणारा तांबडा दिवा लागत नव्हता, हे माझ्या लक्षात यायला अकरा वाजले. समोर संकेश्वरहून आलेले मुलीचे वडील मुद्रितशोधनासाठी बसून होते आणि "होऊ दे ताई, निवांत होऊ दे" असे म्हणत दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. झाले होते असे, की दोन्ही सॉफ्टवेअरांचे डोंगल एकाच जातीचे आणि त्यांचा ड्रायव्हरही एकच होता. तो "कॉमन फाइल्स" या सामाईक फोल्डरात राहत होता. मराठी सॉफ्टवेअरने तो बसवल्याची खूण साधनाला सापडली. कन्नड सॉफ्टवेअरही त्याच्यावरच उभे आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. मला होता, त्या यादीत "कॉमन फाइल्स" हे शब्द स्पष्ट लिहिलेले होते, आणि मी यादी वाचली नव्हती. ड्रायव्हर पुन्हा बसवायला पाच मिनिटे पुरली. नेमके काय गेले ते शोधण्यात दुपार झाली.

जुन्या विंडोजमध्ये अशा सामाईक फायलींसाठी एक सोय होती आणि तिचे अवशेष आजही आहेत. एखादी फाइल किती सॉफ्टवेअरे वापरतात याचा आकडा रजिस्ट्रीत ठेवला जाई, प्रत्येक सॉफ्टवेअर जाताना तो एकाने कमी करी, आणि शून्यावर आला की "ही सामाईक फाइल आता कुणी वापरत नसावे, पुसू का?" असे विचारले जाई. विंडोज ९८ च्या काळात माझे शिकवणारे सर आम्हाला सांगत, की या प्रश्नाला डोळे झाकून "सगळ्यांना नाही" असे उत्तर द्यायचे. तेव्हा ते मला भित्रेपणाचे वाटे.

त्याच प्रकरणातली दुसरी गोष्ट तर मला आठवड्याने कळली. जुन्या आवृत्तीबरोबर तिचे फॉन्टही गेले होते. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांना सामाईक क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या मराठी फॉन्टांत देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत, त्यामुळे तो फॉन्ट नसेल तर जुनी फाइल उघडल्यावर "श्री गणेशाय नमः"च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. मागच्या वर्षीचीच पत्रिका, फक्त नावे बदलून द्या, असे म्हणणारे गिऱ्हाईक आले आणि पान कोरे नाही पण वाचताही येत नाही, अशी गत झाली. तेव्हापासून भारतीय भाषांचे कुठलेही टंकलेखन सॉफ्टवेअर काढण्याआधी मी विंडोजच्या फॉन्ट फोल्डरातले त्याचे फॉन्ट वेगळ्या फोल्डरात उतरवून घेते. डीटीपीवाल्या मंडळींनी हे एवढे तरी करावे.

आता साधनांविषयी. रेव्हो अनइन्स्टॉलर हे बहुतेकांना ठाऊक असलेले नाव आहे. त्याची मोफत आवृत्ती माझ्या कामाला पुरते. शोधाच्या त्याच्या तीन पातळ्या आहेत: सुरक्षित, मध्यम आणि सखोल. मी मध्यमच्या पुढे सहसा जात नाही. त्याच्या रजिस्ट्रीच्या यादीत ठळक अक्षरांत दिसणाऱ्या नोंदी तेवढ्या पुसल्या जातात, बाकीच्या फक्त रस्ता दाखवण्यासाठी असतात, हे माहीत नसल्यामुळे ती यादी पाहून माणूस उगाच घाबरतो. गीक अनइन्स्टॉलर ही एकच छोटी फाइल असते, ती पेन ड्राइव्हवर ठेवता येते आणि स्वतः बसत नाही, म्हणून काढावीही लागत नाही. दुसऱ्यांच्या संगणकावर मी तीच नेते. बल्क क्रॅप अनइन्स्टॉलर हे नाव जरा शिवराळ असले तरी ते मुक्त स्रोताचे आहे, आणि मला त्यातली एक गोष्ट फार आवडते: मागे राहिलेल्या प्रत्येक वस्तूपुढे ते आपल्याला किती खात्री आहे ते सांगते. अंदाजाला अंदाज म्हणणारे साधन मला अधिक विश्वासाचे वाटते.

यांपैकी काहीही घेताना ते बनवणाऱ्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे, शोधयंत्रात वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून नव्हे. या साधनांना संगणकाचे सर्वाधिकार द्यावे लागतात, त्यामुळे त्यांच्यात शिरकाव झाला तर घरफोड्याला किल्लीसकट घर मिळते. २०१७ साली सीक्लीनर या लोकप्रिय सफाई साधनाच्या ५.३३ या आवृत्तीत घातक कोड घुसवला गेला होता आणि ती आवृत्ती अधिकृत ठिकाणाहूनच २२ लाखांहून अधिक संगणकांवर पोहोचली होती. म्हणून काम झाले की असे साधन संगणकावर कायमचे बसवून ठेवू नये, असे माझे मत आहे.

अँटिव्हायरसच्या बाबतीत मात्र मी ही सर्वसाधारण साधने वापरतच नाही. अँटिव्हायरसचे ड्रायव्हर प्रत्येक फाइल उघडताना मधे उभे राहतात, आणि ते अर्धवट निघाले तर संगणक रांगायला लागतो किंवा नेट बंद पडते. नव्या लॅपटॉपबरोबर आलेला चाचणी काळातला एक आणि दुकानदाराने बसवून दिलेला दुसरा, असे दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या उरावर बसलेले मी किती वेळा पाहिले आहेत. मॅकॅफी, नॉर्टन, कॅस्परस्की, अवास्त, ईसेट या सगळ्यांनी आपापले सॉफ्टवेअर समूळ काढण्याची वेगळी साधने दिलेली आहेत. त्या त्या कंपनीचेच साधन वापरावे. सेफ मोडची, म्हणजे मोजक्याच गोष्टींनिशी विंडोज सुरू करण्याची, गरज लागली तर एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: विंडोज इन्स्टॉलरची सर्व्हिस त्या मोडमध्ये एरवी चालत नाही, त्यामुळे त्या पद्धतीने बसवलेली सॉफ्टवेअरे तिथून निघत नाहीत.

माझी आताची रीत अशी, की आधी रिस्टोअर पॉइंट, म्हणजे काही बिघडले तर विंडोजला मागे नेता येईल अशी नोंद, तयार करायचा. अनेक संगणकांवर ही सोय बंदच असते, म्हणून ती चालू आहे का ते आधी बघायचे. परवाना ऑनलाइन असेल तर तो आधी सॉफ्टवेअरमधूनच सोडवून घ्यायचा, नाहीतर नव्या संगणकावर घेताना तो अडकतो. मग सॉफ्टवेअरचा स्वतःचा अनइन्स्टॉलर चालवायचा आणि त्यानंतर संगणक "रीस्टार्ट" करायचा. संध्याकाळी "शट डाउन" करून सकाळी चालू केला म्हणजे रीस्टार्ट झालाच, असे लोक समजतात. विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे शट डाउनमध्ये संगणकाचा गाभा खऱ्या अर्थाने बंद होत नाही, तो झोपतो. आणि पुढच्या वेळी पुसायच्या म्हणून ठेवलेल्या फाइली तशाच राहतात. रीस्टार्ट झाल्यावर मायक्रोसॉफ्टचेच ऑटोरन्स हे मोफत साधन उघडून जिवंत असे काय उरले ते बघायचे. त्यात फाइल हरवलेल्या नोंदी पिवळ्या रंगात दिसतात. अनइन्स्टॉलर साधनाचा शोध या सगळ्यानंतर, आणि त्यातही कॉमन फाइल्स, विंडोज किंवा नुसत्या कंपनीच्या नावाचा फोल्डर दिसला की खूण काढून टाकायची, कारण त्याच कंपनीचे दुसरे सॉफ्टवेअर तिथे नांदत असू शकते. मेलेल्या नोंदी राहिल्या तर राहू द्यायच्या.

सचिवांच्या लॅपटॉपवर हा क्रम पूर्ण पाळता आला नाही, कारण अनइन्स्टॉलर आधीच उडालेला होता. जुन्या सॉफ्टवेअरची सीडी त्यांच्या कपाटात मिळाली, म्हणून मी तीच आवृत्ती त्याच जागी पुन्हा बसवली आणि मग रीतसर काढली. हा उपाय वेडगळ दिसतो, पण मोडलेली नोंदवही परत मिळवण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. काट्याशी बोलणारा छोटा प्रोग्राम त्यानंतरही आपोआप उठणाऱ्यांच्या यादीत होताच. तो ऑटोरन्समधून बंद केला, रीस्टार्ट केला, आणि संस्थेत नेऊन वायर जोडल्यावर नव्या सॉफ्टवेअरमध्ये रिकाम्या कॅनचे वजन झळकले.

शेवटी गीकच्या शोधात मागे राहिलेल्या अकरा गोष्टी आल्या. दहा बिनकामाच्या होत्या. अकरावी प्रोग्रामडेटामधला सॉफ्टवेअरच्या नावाचा एक फोल्डर होती, आणि साधनाने त्यावरही आपली खूण करून ठेवली होती. उघडून पाहिला तर आत संस्थेची मागच्या सहा वर्षांची संकलनाची नोंद होती: सभासदवार, दिवसवार, फॅटसकट. मी खूण काढली आणि सचिवांना तो फोल्डर दाखवला.

"हे पण जाणार होतं काय?" त्यांनी विचारले.

"मी डिलीट दाबलं असतं तर गेलं असतं."

ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि खिशातून पेन ड्राइव्ह काढत म्हणाले, "मग ह्याच्यात घालून द्या की ताई. ऑडिटर पुढच्या महिन्यात यायलाय."